आलं म्हणजे ओलं: एका कंदाची दोन नावं आणि ‘जिंजर’ची भटकंती

मे महिन्यात मुंबईची भाचेकंपनी मालवणात उतरली की आमच्या घरातला टीव्ही बंद होत नाही. यंदा पोरं एक परदेशी कार्टून बघत होती, खाली मराठी ओळी उमटत होत्या. त्यातली एक ओळ आली: ‘तो आल्याच्या केसांचा मुलगा कुठे गेला?’ काकी शेजारीच अडाळ्यावर नारळ खवत बसली होती. तिचा हात थांबला. “आल्याक केस? आल्याक मुळां असतत रे, केस खंयचे?”

चूक यंत्राची. तांबूस-नारिंगी केसांच्या माणसाला इंग्रजीत ‘जिंजर’ म्हणतात. भाषांतर करणाऱ्या यंत्राने शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला आणि बिचाऱ्या मुलाच्या डोक्यावर आलं पेरलं. पण त्यावरून घरात दोन प्रश्न निघाले. भाचीचा प्रश्न: आलं पिवळट असतं, मग लाल केसांना त्याचं नाव कसं? आणि काकीचा: “त्यांच्यात सुंठीक काय म्हणतत?”

काकीचा प्रश्न जास्त खोल आहे. कारण इंग्रजीत सुंठीला वेगळं नावच नाही. ते ‘सुकं जिंजर’ किंवा ‘जिंजर पावडर’ म्हणून मोकळे होतात. कंद एकच. मग आपल्याकडे दोन नावं कशाला?

घरातल्या ओल्या-सुक्या जोड्या

कोकणातलं कुठलंही स्वयंपाकघर घ्या, त्याचे सरळ दोन भाग पडतात. ओलं आणि सुकं. ओलं खोबरं, सुकं खोबरं. ओले काजूगर, सुके काजूगर. ओले बोंबील, सुके बोंबील. पावसाळ्यात मासेमारी बंद होते, बाहेर महिनोन्‌महिने काही वाळत नाही, त्यामुळे मे संपण्याआधी वाळवून डब्यात गेलं ते आपलं.

आता गंमत बघा. काही जिनसा वाळल्या तरी नाव तेच राहतं, पुढे फक्त ‘सुकं’ लागतं. काहींचं मात्र नाव पार बदलतं. रातांब्याची सालं रसाची पुटं देत उन्हात वाळवली की ती आमसुलं होतात. ‘सुका रातांबा’ असं कोणी म्हणत नाही. कोळंबी वाळली की तिचे सोडे होतात. हळद उकडून वाळवली की हळकुंड. आणि आलं वाळलं की सुंठ.

मला वाटतं, यात एक शहाणपण आहे. वाळल्यावर जिन्नस तीच राहिली तर लोक नाव बदलत नाहीत. चव, वास, वापर सगळंच पालटलं तर मात्र तिचं नवं बारसं होतं. सोडे कोणी कोळंबीसारखे रांधत नाही. सुंठही आल्यासारखी वापरत नाहीत: चहात, मठ्ठ्यात, वाटणात आलं, आमरसात, रामनवमीच्या सुंठवड्यात आणि बाळंतिणीच्या लाडवात सुंठ. उलट करून बघा, पहिल्या घासालाच घरचे विचारतील.

‘आलं’ आणि ‘ओलं’ सख्खी भावंडं

आता शब्दांकडे येऊ. शब्द कुठून निघाला आणि कसा बदलत गेला याचा माग काढणं म्हणजे व्युत्पत्ती. आल्याची व्युत्पत्ती इतकी उघडी आहे की समोर असून दिसत नाही.

संस्कृतात ताज्या आल्याला ‘आर्द्रक’ म्हणतात. आर्द्र म्हणजे ओला. आर्द्रक म्हणजे ओलं असतं ते. प्राकृतात, म्हणजे संस्कृत आणि मराठी यांच्या मधल्या काळातल्या बोलींमध्ये, ‘आर्द्र’मधली जोडाक्षरं लोकांच्या तोंडात झिजली. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं. त्यात त्याने या एका शब्दाची चार रूपं दिली आहेत: उल्ल, ओल्ल, अल्ल आणि अद्द. ‘ओल्ल’पासून आपलं ओलं झालं. ‘अल्ल’पासून आलं. ‘अद्द’च्या फाट्यावर हिंदीतलं अदरक, गुजरातीतलं आदु आणि बंगालीतलं आदा बसलेलं आहे.

म्हणजे आलं आणि ओलं हा मुळात एकच शब्द. ‘ओलं आलं’ म्हणणं म्हणजे ‘ओलं ओलं’ म्हणणं. बाजारात भाजीवाली तसं म्हणतेच, आणि तिला सुंठीपासून वेगळं काढायचं असतं म्हणून ते चालूनही जातं.

आणि सुंठ? ती ‘शुण्ठी’पासून. पाणिनीय परंपरेतल्या धातुपाठात, म्हणजे क्रियांच्या मूळ रूपांच्या यादीत, ‘शुण्ठ्’ या धातूचा अर्थ सुकणे असा दिलाय. तेव्हा हिशेब पुरा झाला. एकाचं नाव ‘ओलं’, दुसरीचं नाव ‘सुकी’. बोंबलांची असते तीच जोडी, फक्त इथे विशेषणंच नामं होऊन बसली आणि बोंबील मधून निघून गेला.

कारवारच्या पुढे कन्नड मुलखात गेलात तर हीच गोष्ट उलट्या टोकाने सांगतात. तिथे ताज्या आल्याला ‘हसी शुंठी’ असंही म्हणतात, म्हणजे कच्ची सुंठ. आपल्याला हे ऐकायला ‘ओले सोडे’ म्हटल्यासारखं वाटतं.

“पण ‘आलं’ म्हणजे येणंसुद्धा की!”

शंका रास्त आहे. ‘बाजारातून आलं आलं का?’ हे वाक्य मराठी शिकणाऱ्याला रडवायला पुरेसं आहे. पण या दोन ‘आलं’चं एकमेकांशी काही नातं नाही. क्रियापदातलं ‘आलं’ संस्कृत ‘आगत’कडून घासत घासत इथवर पोचलंय. दोघं वेगवेगळ्या गावांहून निघाले आणि एकाच थांब्यावर उतरले, इतकंच. आमच्या मालवणीत तर हा घोटाळा होतच नाही, कारण आम्ही ‘इलां’ म्हणतो. ‘आलां इलां काय?’ यात कोण कंद आणि कोण क्रियापद हे लहान पोरालाही कळतं.

वाळताना नुसतं पाणीच जातं का?

इथे मुख्य आक्षेप येतो. सुंठ म्हणजे पाणी काढलेलं आलं, एवढंच तर आहे. मग दोन नावांचं एवढं कौतुक कशाला?

पाणी जातं हे खरंच. ताज्या आल्यात साधारण ऐंशी टक्के पाणी असतं, म्हणून पाचेक किलो आलं सोलून वाळवलं तर किलोभर सुंठ हाती येते. पण सुंठ ही आटवलेलं आलं नव्हे. तसं असतं तर सुंठ पाण्यात भिजवली की परत आलं झालं असतं. भिजवून बघा. मऊ पडेल, पण तो लिंबासारखा, नाकात शिरणारा ओला वास काही परत येणार नाही.

आल्याचा तिखटपणा ज्या पदार्थामुळे असतो त्याला जिंजरॉल म्हणतात. आलं वाळायला लागलं की या जिंजरॉलच्या रेणूमधूनच, म्हणजे त्याच्या सगळ्यात लहान कणामधूनच, पाण्याचा एक रेणू सुटून बाहेर पडतो. उरतो तो वेगळा पदार्थ, शोगाओल. नाव जपानी आहे; जपानीत आल्याला ‘शोगा’ म्हणतात. हा शोगाओल जिंजरॉलच्या सुमारे दुप्पट तिखट असतो. सुंठ चाटल्यावर घशात जी जळजळ उशिरापर्यंत रेंगाळते ती बरीचशी याची.

मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. उन्हात फक्त कंद वाळत नाही, त्याच्या आतला रेणूसुद्धा वाळतो. ज्यांनी एकाला ‘ओलं’ आणि दुसरीला ‘सुकी’ म्हटलं त्यांना रेणू ठाऊक नव्हते, पण त्यांची जीभ बरोबर सांगत होती.

आणखी एक तिसरं रूप आहे. आलं शिजवलं की जिंजरॉल दुसऱ्या वाटेने मोडतो आणि त्यातून झिंजरोन तयार होतं. ते सौम्य आणि गोडसर वासाचं. आलेपाकाच्या वडीचा वास कच्च्या आल्यापेक्षा इतका मवाळ का, याचं हे एक कारण. (साखर हे दुसरं, उगाच शास्त्राला सगळं श्रेय नको.)

मुळात ‘तिखट’ ही चव नाहीच, ती भाजल्याची खोटी वर्दी आहे. जिभेतल्या ज्या चेतातंतूंना खरा चटका कळतो त्यांच्यावरच मिरची, मिरी आणि आलं यांची तिखट द्रव्यं जाऊन बसतात. देवळातली घंटा एकच, वाजवणारे तिघे: मिरची दणादण, आलं जरा बेताने. मिरचीपुरती ही घंटा शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. आपल्या बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ मात्र वेगळ्या पंथाचं. ते जाळत नाही, झिणझिण्या आणतं.

व्यवहारात याचा अर्थ असा की पाककृतीत ‘जिंजर’ वाचून हाताला येईल ते टाकू नये. परदेशी केक-बिस्किटांच्या कृतीत जिंजर म्हणजे बहुतेकदा सुंठ असते. एक मोठा चमचा किसलेल्या आल्याऐवजी पाव छोटा चमचा सुंठ, असा बदलीचा ढोबळ हिशेब सांगतात. तिखटपणा त्याने जुळेल. चव जुळेल असं मी म्हणत नाही.

चहात आलं टाकलं की दूध का फाटतं?

हा प्रश्न जिंजरशब्दाच्या जरा बाहेरचा आहे, पण आल्यावर लिहायचं आणि चहाला चुकवायचं, हे कोकणात शोभणार नाही.

लोक म्हणतात, आलं आंबट असतं म्हणून दूध फाटतं. तसं नाही. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. विकर म्हणजे एखादी रासायनिक क्रिया झपाट्याने घडवून आणणारं प्रथिन, शिंपल्या फोडणाऱ्या कोयत्यासारखं हत्यार. आल्यातलं हे हत्यार दुधातल्या प्रथिनांवर चालतं आणि दूध नासतं. साठेक अंश तापमानाला ते सगळ्यात जोमात असतं आणि उकळीत निकामी होतं. म्हणून आलं आधी पाण्यात खळखळून उकळायचं, दूध मागाहून. कोमट दुधात कच्चं आलं किसून घातलं तर दुधाची जबाबदारी तुमची.

दक्षिण चीनमध्ये हीच फजिती मुद्दाम करतात. वाटीत आल्याचा रस घेऊन त्यावर गरम, पण न उकळणारं गोड दूध ओततात. थोड्या वेळात ते खरवसासारखं जमतं आणि चमच्याने खातात.

शृंगवेर परदेशी जाऊन ‘जिंजर’ कसं झालं?

आता इंग्रजीचा शब्द. तोही इथलाच. संस्कृतात आल्याला ‘शृंगवेर’ हेही नाव आहे, पालीत ‘सिंगिवेर’. तेच ग्रीकांकडे जाऊन झिंगिबेरिस झालं, लॅटिनमध्ये झिंगिबेर, पुढे फ्रेंचांच्या तोंडून घरंगळत इंग्रजीत जिंजर. अरबी ‘जंजबील’ त्याच घराण्यातला. दहाव्या शतकात अल मसूदी हा अरब प्रवासी आपल्या चौलला येऊन गेला. त्या बंदरात हा शब्द रोज कानावर पडत असणार.

“पण शृंगवेर म्हणजे शिंगासारखं अंग असलेलं, असं आम्ही शिकलो होतो.” हो, संस्कृतात तसा अर्थ लावतात, आणि आल्याची बोटं बघितली की तो पटतोही. पण बहुतेक भाषाभ्यासकांच्या मते हा मागाहून चढवलेला अर्थ आहे. मूळ शब्द दक्षिणेतला. तमिळ-मलयाळममध्ये आल्याला ‘इंजि’ म्हणतात आणि मुळाला ‘वेर’. या जोडशब्दाच्या जुन्या रूपाला संस्कृतात आणताना कोणीतरी त्याला ओळखीचं शिंग चिकटवलं. आपणही अनोळखी शब्दाला ओळखीचा पेहराव चढवतोच. इंग्रजांनीही तेच केलं: जिंजरब्रेडमधला ‘ब्रेड’ हा पाव नाहीच, जुन्या फ्रेंचमधल्या मुरवलेल्या आल्याच्या नावाचं शेपूट आहे, जे ऐकणाऱ्यांनी ब्रेड करून टाकलं. आणि झांझिबार बेटाचा जंजबीलशी संबंध जोडतात तोही कानाला फसूनच. ते नाव फारसीतून आलं, आणि अर्थ ‘काळ्या लोकांचा किनारा’ असा आहे.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट लक्षात घ्या. शिडाच्या जहाजातून महिनोन्‌महिने ताजं आलं नेलं तर ते कुजतं, नाहीतर त्याला कोंब फुटतात. युरोपात पोचलं ते मुख्यतः वाळलेलं किंवा पाकात मुरवलेलं. त्यांनी झाडही पाहिलं नव्हतं. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीला ते अरबस्तानात पिकतं असं वाटे, कारण माल अरबांकडून येई. आलं हे मिरीच्या झाडाचंच मूळ आहे असं तेव्हा काही जण समजत. तेवढं मात्र त्याने खोडून काढलं.

काकीच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. ज्यांच्या दारात फक्त सुकं उतरलं, त्यांना ओल्यासाठी दुसरं नाव लागलंच नाही. सोडे तेवढे माहीत असलेल्या घाटावरच्या माणसाला कोळंबीसाठी वेगळा शब्द कशाला हवा?

आता घाटावरची माणसं म्हटलंच आहे, तर त्यांचीही बाजू. आज आमच्या आठवडाबाजारात दिसणारं बरंचसं आलं सातारा-कोल्हापूरकडून घाट उतरून येतं. कोकणात पाऊस इतका की पाणी साचलं की कंद कुजतो. म्हणून इथे आलं बहुधा परसात, माडाखाली, उंच वाफ्यात घरापुरतं. गंमत अशी की महाराष्ट्रातल्या एका लोकप्रिय जातीचं नाव आहे ‘माहीम’. नाव किनाऱ्यावरचं, पीक घाटावर. आणखी एका जातीचं नाव चक्क ‘रिओ-दि-जानेरो’, ब्राझीलहून आणलेली. आशियातून अमेरिकेत गेलेलं आलं तिथलं नाव लावून परत घरी आलं.

आणि लाल केस?

भाचीचा प्रश्न राहिला. याचा उलगडा कोंबड्यांच्या झुंजीत आहे. १७८५ साली फ्रान्सिस ग्रोस याने इंग्रजी रस्त्यावरच्या बोलीचा कोश छापला. त्यात तो सांगतो की लाल केसांच्या माणसाला जिंजर म्हणतात ते झुंजीच्या आखाड्यावरून. तिथे लाल कोंबड्यांना ‘जिंजर’ म्हणत. सुंठीच्या पुडीचा मातकट-तांबूस रंग डोळ्यांसमोर आणा आणि तसा कोंबडा कल्पा. फार ओढून ताणावं लागत नाही.

आपणही वेगळं करत नाही. ‘आमसुली’ रंगाची साडी म्हणतो तेव्हा तो रंग ताज्या रातांब्याचा नसतो, वाळलेल्या आमसुलाचा असतो. आमसुली साडी नेसलेल्या बाईला सोलकढीत घालावं असं कुठल्याही मराठी माणसाच्या मनात येत नाही. यंत्राच्या आलं, कारण त्याने साडी पाहिलेली नव्हती.

इंग्रजीतले बाकीचे जिंजर झपाझप सांगते. एखाद्या कामात जान आणणं याला ‘जिंजर अप’ म्हणतात. ते आलं घोडेबाजारातलं: मरगळलेला घोडा गिऱ्हाइकासमोर तरतरीत दिसावा म्हणून त्याच्या शेपटीखाली, नको त्या जागी, आल्याचा तुकडा सारत. ‘जिंजरली’ म्हणजे अगदी हलक्या हाताने, जपून. त्याचा आल्याशी संबंध नाही, तो नाजूक या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आलाय. बाईचं नाव जिंजर असेल तर ते बऱ्याचदा व्हर्जिनियाचं लाडकं रूप. आणि ‘जिंजर लिली’ वाचलंत तर परदेशी समजू नका, तो आपला सोनटक्का. आलं, हळद, वेलची यांच्याच कुळातला.

सुंठीने खोकला जातो का?

म्हणीत तरी तो सुंठीवाचूनच जातो! नकोसा पाहुणा आपणहून निघाला की ‘सुंठीवाचून खोकला गेला’ म्हणतात. म्हणजे म्हण रचणाऱ्यांनी सुंठ हाच खोकल्याचा नेहमीचा उपाय धरला होता. आयुर्वेदात सुंठीला ‘विश्वभेषज’ म्हणतात, सगळ्यावरचं औषध, आणि मिरी-पिंपळीबरोबर ती त्रिकटूत बसते.

आजच्या चाचण्यांत आल्याची बाजू सगळ्यात भक्कम दिसते ती मळमळीवर, त्यातही गरोदरपणातल्या. गाडी लागण्यावरचे निष्कर्ष उलटसुलट आहेत, तरी फोंडा घाटात आलेपाकाची वडी तोंडात धरणाऱ्याला मी अडवणार नाही. खोकल्यात घशाला ऊब वाटते, आराम पडतो. पण पंधरा दिवस खोकला हटत नसेल तर सुंठ बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुंठीचे काढे आणि गोळ्या रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. चहातल्या आल्याबद्दल हे म्हणत नाही.

भाचीने मुंबईला जाण्याआधी मागच्या पडवीत दोन कुंड्या भरल्या. एकीत आल्याचा डोळा असलेला तुकडा पुरला, दुसरीत काकीच्या डब्यातली सुंठ. आल्याला बी धरत नाही, ते असं तुकड्यानेच लावतात, हे मी सांगितलं होतं. सुंठीचं तिला स्वतः बघायचं होतं. मिरग लागला. सुंठीच्या कुंडीत पांढरी बुरशी धरली. काकी म्हणाली, “ऱ्हवांदे, तिका बघूक होया.” दुसऱ्या कुंडीतून करंगळीएवढा हिरवा कोंब वर आला, त्या संध्याकाळी मुंबईहून व्हिडिओ कॉल आला.

“काकीआजी, आलं आलं?”

काकीने फोन कुंडीवर धरला. “इलां गो, इलां.”